पंप फिरतो, पण पाणी पडत नाही : इंपेलर कसा ओळखावा, कसा बदलावा



रब्बीचा हंगाम भरात आला, विहिरीचे पाणी खाली जाऊ लागले, की आमच्या शेती कार्यक्रमाकडे एक तक्रार हमखास येते. "मोटार फिरते, आवाजही नेहमीचाच, पण धार पहिल्यासारखी पडत नाही. मोटार भरून आणली, पाइप बदलला, तरी तेच." मंडळी, अशा वेळी पुष्कळदा दोष मोटारीत नसतो. दोष असतो पंपाच्या पोटात फिरणाऱ्या पंख्यात, म्हणजेच इंपेलरमध्ये. हा इंपेलर कसा ओळखायचा, कसा काढायचा आणि नवा कसा बसवायचा, हे आज क्रमाने पाहू. विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज मोनोब्लॉक पंप डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. इंजिनावर किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या पंपालाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

धार कमी झाली तर बिघडते काय?

थोडा हिशेब करू. एक एकर गव्हाला दोन इंचांची पाळी द्यायची तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. पंप सेकंदाला ८ लिटर पाणी देत असेल, तर एक एकर सात तासांत भिजतो. इंपेलर झिजून तेच पाणी ५ लिटरवर आले, तर अकरा तासांवर वेळ लागतो. शेतीच्या वाहिनीला वीज मिळते ती ठरावीक तासांचीच. म्हणजे जे काम एका दिवसात व्हायचे ते दुसऱ्या दिवसावर गेले, आणि चार एकरांची पाळी आठवडाभर लांबली.

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि ते नुकसान मागाहून कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. फुलोरा आणि दाणे भरण्याची वेळही तशीच. मीटर मात्र फिरतच राहतो. पाणी कमी पडले म्हणून वीज त्या मानाने कमी लागत नाही. तेव्हा पंखा किरकोळ वाटला, तरी त्यावर अख्खे पीक अवलंबून असते.

पान्याला हात लावण्याआधी

ही गोष्ट आमच्या घरची आहे. आमचे आबा, माझे चुलते, एका संध्याकाळी पंप उघडून बसले होते. वीज गेलेली होती, म्हणून ते निर्धास्त होते. स्टार्टरला ऑटो बसवलेला होता. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, रात्री अंधारात विहिरीवर जायला नको, यासाठीच तर आपण तो बसवतो. वीज वेळेआधी आली. ऑटोने आपले काम चोख केले. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटे पेरापर्यंत गेली. त्यानंतर त्यांना विळा नीट धरता आला नाही.

म्हणून हे तीन नियम भिंतीवर लिहून ठेवा :

१. ऑटो बंद करा.

२. मेन स्विच पाडा. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही.

३. तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. पेटीवर ठेवू नका. कोणी भला माणूस "फ्यूज निघालाय वाटतं" म्हणून परत बसवील.

वीज गेली आहे म्हणजे वीज बंद आहे, असे कधीही समजू नका. पंप विहिरीच्या आतल्या बैठकीवर असेल तर एकट्याने उतरू नका. कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस उभा ठेवा. विहिरीत इंजिन चालवले असेल तर त्याचा धूर खाली साचतो. इंजिन बंद करून बराच वेळ गेल्याशिवाय खाली जाऊ नका.

इंपेलर म्हणजे काय?

पावसात उघडी छत्री गरकन फिरवली की थेंब कडेने बाहेर उडतात, हे आपण लहानपणी सगळ्यांनीच करून पाहिले आहे. इंपेलर तेच करतो. त्याच्या मधल्या तोंडातून पाणी आत येते, वाकड्या पात्यांमधून जोराने कडेकडे फेकले जाते आणि बाहेरच्या गोगलगायीसारख्या घरातून, म्हणजे केसिंगमधून, वरच्या पाइपात चढते. मधली जागा मोकळी झाली की विहिरीतले नवे पाणी तिथे येते.

हे पाणी पंप ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हवेच्या दाबाने पाणी फार तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट चढू शकते. आपल्या देशावरची गावे उंचावर, त्यामुळे तिथे थोडे कमीच. त्यातून पाइपाचे घर्षण वगैरे वजा जाता व्यवहारात ६ मीटर, म्हणजे २० फुटांच्या आत पंप आणि पाणी यांचे अंतर ठेवावे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होईल.

इंपेलर बहुधा बिडाचा असतो, काही पंपांत ब्राँझचा. इंपेलरचे तोंड आणि केसिंग यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. नव्या लहान पंपात ती दोन्ही बाजू मिळून साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. काही पंपांत या जागी वेगळी कडी बसवलेली असते, तिला वेअरिंग रिंग म्हणतात. वाळूच्या घासण्याने ही फट वाढली, की फेकलेले पाणी वर चढण्याऐवजी फटीतून परत मागे येते. पंप तेच पाणी पोटातल्या पोटात घुसळत राहतो. फट मूळच्या दुप्पट झाली की कडी किंवा इंपेलर बदलायची वेळ झाली असे समजावे.

खरोखर इंपेलरच गेला आहे का?

घाईने पंप उघडू नका. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझी इथे चूक झाली. एका शेतकऱ्याच्या पंपाचे पाणी एकाएकी निम्म्यावर आले. मी बघितले आणि म्हणालो, "दादा, इंपेलर बदला." त्यांनी उसनवारी करून नवा इंपेलर आणला, बसवला. पाणी तेवढेच! मग चौकशी केली तेव्हा कळले की चार दिवसांपूर्वी रोहित्राचे काम झाले होते आणि तारा जोडताना फेज बदलले होते. मोटार उलटी फिरत होती. दोन तारांची अदलाबदल करताच धार पूर्ववत झाली. दोष माझाच होता. "एकाएकी" हा शब्द त्यांनी मला दोनदा सांगितला होता, मी तो ऐकला नाही.

बंधूंनो, इंपेलर हळूहळू झिजतो. पाणी एका दिवसात कमी झाले असेल, तर आधी दुसरीकडे बघा. तपासणी या क्रमाने करा :

*फिरण्याची दिशा.* पंपावर बाण असतो. मोटार सुरू करून लगेच बंद करा आणि थांबत येताना मागचा पंखा कोणत्या बाजूला फिरतो ते पाहा. उलट फिरत असेल तर वायरमनकडून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या. उलट्या फिरणाऱ्या पंपातूनही थोडे पाणी येतेच, म्हणून फसगत होते.

*फूटव्हॉल्व्ह.* आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो. पंप पाण्याने काठोकाठ भरा आणि दहा मिनिटे थांबा. पाणी खाली उतरले तर फुटबॉलचा वॉशर किंवा झडप धरत नाही. जाळीला शेवाळ, पाला, प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे का तेही पाहा.

*हवा धरणे.* सक्शन पाइपाच्या सांध्यातून हवा आत जात असेल तर धार तुटक पडते, मधूनच फुरफुरते. पंप चालू असताना सांध्यांवर साबणाचा फेस लावा. फेस आत ओढला गेला तर तिथे गळती आहे. शेणकाला लिंपून दिवस भागेल, पण हंगाम भागणार नाही; सांधा उघडून नवे पॅकिंग घाला.

*पाण्याची पातळी.* पंप आणि पाणी यांच्यात २० फुटांपेक्षा जास्त अंतर पडले असेल तर नवा इंपेलरही काही करू शकणार नाही. पंप खालच्या बैठकीवर उतरवा.

*विजेचा दाब.* दाब कमी असला की मोटारीचा वेग पडतो आणि पाणी कमी होते.

हे सर्व ठीक असेल तर पिंपाची परीक्षा करा. दोनशे लिटरचे पिंप धारेखाली ठेवा आणि घड्याळ धरा. नवा असताना जे पिंप २५ सेकंदांत भरत होते, त्याला आता ४० सेकंद लागत असतील तर इंपेलर झिजल्याचा संशय पक्का. पण त्यासाठी नव्याचा आकडा माहीत हवा! म्हणून पंप चांगला चालत असतानाच ही वेळ मोजून तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा. पाण्याची पातळीही शेजारी लिहा, कारण पातळी खाली गेली की नवा पंपसुद्धा थोडे कमीच पाणी देतो.

पंप उघडणे

लागणारे सामान : पाने, तीन पायांचा किंवा दोन पायांचा पुलर, लाकडी हातोडी, लाकडाच्या पाचरी, रॉकेल किंवा गंज सोडवणारे तेल, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, ग्रीस, पॅकिंगचा कागद, ग्लँडची दोरी आणि एक घमेले. सुटे झालेले नटबोल्ट घमेल्यातच टाका. विहिरीत पडलेला नट शोधण्यात दिवस जातो.

१. पुढे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह असेल तर बंद करा, नाहीतर पाइपातले पाणी अंगावर येईल. पंपाच्या तळाची बुचाची जागा उघडून पाणी काढून टाका.

२. वायरी सोडवायच्या असतील तर कोणती तार कुठे होती त्यावर खूण करा. रंगीत दोरा बांधला तरी पुरे. आता चुकलात तर मोटार उलटी फिरेल.

३. केसिंग आणि मोटारीचा सांधा यांवर छिन्नीने किंवा रंगाने एक आडवी रेघ ओढा. परत जोडताना ही रेघ जुळवायची.

४. बहुतेक मोनोब्लॉकमध्ये केसिंगचे बोल्ट काढले की पाइप जागेवर ठेवून मोटार इंपेलरसकट मागे सरकते. आधी पायाचे बोल्ट सोडा. बोल्ट गंजले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. मोटार सरळ मागे ओढा, तिरकी करू नका. वजन पाठीवर घेऊ नका. दोघे मिळून, खाली लाकडी ओंडका ठेवून काम करा.

५. समोर इंपेलर दिसेल. मधला नट सोडायचा आहे. शाफ्ट फिरू नये म्हणून दोन पात्यांच्या मध्ये लाकडाची पाचर द्या. लोखंडी पहार घालू नका. बीड कडकन फुटते. जोर लावण्याआधी आटे कोणत्या बाजूचे आहेत ते बघा. बहुतेक ठिकाणी सरळ असतात, पण काही पंपांत उलटे आटे असतात. उलट्या आट्यांच्या नटावर पहिलवानी केली तर शाफ्टच तुटायचा.

६. नट आणि वॉशर काढल्यावर इंपेलर पुलरने ओढा. पुलरचे पाय पात्यांच्या कडेला न लावता मागच्या जाड भागाला लावा. न सुटल्यास तेल सोडून तासभर थांबा. चहा घ्या. पुन्हा ताण द्या आणि लाकडी हातोडीने हलके ठोके मारा. शाफ्टच्या टोकावर घण घालू नका. आटे चेपतात आणि आतले बेअरिंग जाते.

७. शाफ्टवर एक लहान लोखंडी चावी असते. ती जपून काढा. तिच्या कडा गोल झाल्या असतील तर नवी घ्या.

जुना इंपेलर काय सांगतो?

काढलेला इंपेलर लगेच भंगारात टाकू नका. तो धुऊन उन्हात धरा.

पात्यांची टोके वस्तऱ्यासारखी पातळ आणि गुळगुळीत झाली असतील, तर वाळूने झीज झाली आहे. विहिरीचा गाळ काढा. फुटबॉल तळापासून निदान दीड-दोन फूट वर ठेवा.

अंगावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे असतील, तर पंपाला पाणी पुरत नव्हते. सक्शनची उंची फार झाली किंवा जाळी तुंबली, की इंपेलरच्या तोंडाशी पाण्याचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना बीड कुरतडतात. त्या वेळी पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येत असतो. कारण दूर न करता नवा इंपेलर घातला, तर त्याचीही तीच गत होईल.

एकाच बाजूला घासल्याची चकाकी दिसत असेल, तर शाफ्ट वाकला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. आधी ते दुरुस्त करा.

पाती साबूत, पण मध्ये चिंधी, मुळे किंवा प्लॅस्टिक अडकलेले असेल, तर इंपेलर बदलायची गरजच नाही. साफ करून परत बसवा. तुमचे पैसे वाचले.

नवा इंपेलर घेताना

जुना इंपेलर बरोबर घेऊन जा. पंपाच्या पाटीवरचा मजकूर कागदावर उतरवून घ्या : मॉडेल, अश्वशक्ती, हेड, पाण्याचे प्रमाण, फेरे. दुकानात चार गोष्टी मोजून पाहा. बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, चावीची खाच आणि पात्यांचा वाक कोणत्या बाजूला आहे तो.

"थोडा मोठा घ्या, पाणी जास्त फेकेल," असे कोणी सांगेल. ऐकू नका. व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर मोटारीवरचा भार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पाणी चार दिवस जोरात पडेल आणि पाचव्या दिवशी मोटार जळेल. मोटार भरण्याच्या खर्चापुढे इंपेलरची किंमत किरकोळ आहे. आपल्या महाराष्ट्रात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हापासून शेतीची यंत्रे बनवण्याची परंपरा आहे. सुटे भाग मिळत नाहीत अशी आपल्याकडे स्थिती नाही. तेव्हा पंप ज्या कंपनीचा, इंपेलर त्याच मॉडेलचा घ्या आणि पावती मागून घ्या.

बीड ओतताना राहिलेले खडबडीत कंगोरे आतून बोट फिरवून तपासा. एका बाजूला जड असलेला इंपेलर थरथर करतो. गुळगुळीत सळईवर घालून हलकेच फिरवा. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर तो परत करा.

बसवणे

१. शाफ्ट पॉलिश पेपरने साफ करा, बोटभर ग्रीस लावा. केसिंगचा आतला गंज ब्रशने काढा. घासून मोठी झालेली वेअरिंग रिंग असेल तर तीही आताच बदला. नवा इंपेलर जुन्या कडीत बसवला तर पाणी मागे येण्याचे थांबणार नाही.

२. ग्लँडची दोरी बदलायची वेळ हीच. जुनी दोरी पूर्ण काढा. ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे, म्हणून ओली करून काढा, कोरडी खरवडू नका. नवी दोरी ग्रॅफाइट लावलेली घ्या. शाफ्टभोवती गुंडाळून तिरका छेद देऊन एकेक वेढा वेगळा कापा. सबंध दोरी मळसूत्रासारखी गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव फेरा पुढे ठेवा. मध्ये पितळी किंवा बिडाची पोकळ कडी असेल तर ती होती त्याच जागी घाला. ग्लँड हाताने आवळेल इतकाच ठेवा. पंपात दोरीऐवजी सील असेल, तर त्याच्या चकचकीत तोंडांना बोट लावू नका, सील पूर्ण जोडीने बदला.

३. चावी खाचेत बसवा. इंपेलर हाताने ढकलून बसला पाहिजे. वॉशर, नट घट्ट करा.

४. शाफ्ट हाताने फिरवून पाहा. इंपेलर डुगडुगता कामा नये.

५. पॅकिंगचा कागद जुन्याच्याच जाडीचा कापा. जाड कागद घातला तर फट वाढते, पातळ घातला तर इंपेलर घासतो. मोटार सरळ पुढे सरकवा, रेघ जुळवा. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, बैलगाडीच्या चाकाची धाव बसवताना सगळीकडून सारखे ठोकतो, तसे. मधून मधून शाफ्ट हाताने फिरवा. कुठे खरखर लागली तर तिथेच थांबा.

पहिल्यांदा सुरू करताना

पंप कोरडा कधीही फिरवू नका. हवेचे बूच उघडून पाणी ओतत राहा. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे पंप भरला. बूच लावा. आता फ्यूज बसवा, ऑटो मात्र बंदच ठेवा. क्षणभर सुरू करून दिशा तपासा. मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटार सुरू करा आणि वेग आल्यावर तो सावकाश उघडा. या जातीच्या पंपावर व्हॉल्व्ह बंद असताना भार सर्वांत कमी असतो. मात्र बंद व्हॉल्व्हवर एक मिनिटाहून जास्त चालवू नका, आतले पाणी तापते.

ग्लँडमधून मिनिटाला ४० ते ६० थेंब पाणी गळू द्या. त्या थेंबांनीच शाफ्ट आणि दोरी थंड राहतात. पुष्कळजण थेंब दिसला की पाना घेऊन आवळतात. गळती थांबते खरी, पण दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. अँपिअरचा काटा पाटीवरच्या आकड्याच्या वर जाता कामा नये. शेवटी पिंप भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि तारीख घालून भिंतीवर लिहा.

खाडीकाठच्या बांधवांसाठी दोन शब्द

कोकणात खाडीकाठी किंवा धरणाच्या फुगवट्यात शेतीबरोबर मासेमारी करणारे काही बांधव होडीला लहान मोटार लावतात. तिच्यातही इंपेलर असतो, पण तो रबराचा असतो आणि त्याचे काम मोटार थंड ठेवण्याचे. मोटारीच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडते, तिच्यावर नजर ठेवा. धार थांबली की मोटार ताबडतोब बंद करा, नाहीतर इंजिन तापून धरेल. आधी धारेच्या भोकात कचरा आहे का ते तारेने पाहा. तसे नसेल तर खालचा भाग उतरवून रबरी इंपेलर बदला. त्याची पाती फिरण्याच्या उलट बाजूला वाकलेली राहतील असा, फिरवत फिरवत, थोडे साबणाचे पाणी लावून बसवा. जुन्याचे एखादे पाते तुटलेले असेल तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय जोडू नका. तो पाण्याच्या वाटेत अडकतो. आणि जमिनीवर ही मोटार कोरडी सुरू करून "चालते का" बघू नका. रबर पाहता पाहता जळून जाते.

काही शंका

*प्रश्न : इंपेलर किती वर्षांनी बदलावा?*
वर्षांवर नाही, पाण्यावर अवलंबून आहे. स्वच्छ पाण्याच्या विहिरीत तो वर्षानुवर्षे टिकतो, नदीकाठच्या वाळूच्या पाण्यात दोन हंगामांतही जातो. पिंपाची परीक्षा दर हंगामाच्या सुरुवातीला करा, तीच खरे सांगेल.

*प्रश्न : झिजलेल्या इंपेलरला वेल्डिंग चालेल का?*
बिडाला गावातले साधे वेल्डिंग धरत नाही आणि तोल जातो. बेअरिंगचा खर्च वाढेल.

*प्रश्न : नवा इंपेलर बसवूनही पाणी कमीच आहे.*
दिशा, फुटबॉल, हवा, पातळी. याच क्रमाने पुन्हा पाहा. सक्शन पाइपाला मध्येच उंचवटा आहे का तेही बघा. पाइप विहिरीकडून पंपाकडे सतत चढता हवा. उंचवट्यावर हवा साचून राहते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ऑटो बंद, मेन बंद, फ्यूज खिशात.
• पाणी एकाएकी कमी झाले तर आधी फिरण्याची दिशा आणि फुटबॉल पाहा; हळूहळू कमी झाले तर इंपेलरचा संशय घ्या.
• पंप आणि पाणी यांत २० फुटांपेक्षा जास्त अंतर नको.
• इंपेलर त्याच मापाचा. मोठा नको.
• ग्लँडमधून थेंब गळू द्या.
• कोरडा पंप फिरवू नका.

हे पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा. घरातल्या मुलांना आणि बायकांनाही वाचून दाखवा. रात्रीच्या पाळीला दारे धरायला त्याही असतात, आणि फ्यूज कोणाच्या खिशात आहे हे घरात प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. आमचे आबा आजही कोणी पंप उघडायला बसला की पहिला प्रश्न तोच विचारतात, "फ्यूज कुठं हाय?" उत्तर मिळाल्याशिवाय ते कोणाला पान्याला हात लावू देत नाहीत.

तुमच्या पंपाची धार अखंड राहो. पुन्हा भेटू कार्यक्रमात. राम राम.